पहिली तक्रार

आमच्या शाळेत छळ प्रतिबंध समिती स्थापन झाली आणि तिच्यापुढे पहिली तक्रार आली ती निधीविरुद्ध. समितीची नियमावली मीच लिहिली होती.

निधी गास गावची. गावातल्या शाळेत पाचवी करून ती सहावीला नालासोपारा पश्चिमेला आमच्याकडे आली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, त्यामुळे तिचा डावा पाय आणि डावा हात तिचं पुरतं ऐकत नसत. बोलताना शब्द जड यायचे, पण कळायचे. आई-वडील दोघं कामावर जाणारे, म्हणून तिला शाळेत सोडायला आणि न्यायला आजोबा यायचे, श्रीपत. जुन्या स्कूटरवर पुढे भाजीच्या पिशव्या आणि मागे नात. पिशव्या आधी बाजारात जायच्या, मग नात शाळेत, त्यामुळे तिला रोज पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा.

गरीब गाय म्हणावी अशी ती मुळीच नव्हती. कोणी दप्तर उचलू लागलं तर हिसकावून घ्यायची. एका बाईंनी तिच्यादेखत दुसरीला "बिचारी" म्हटलं, तर ही वळून म्हणाली, "बिचारी नाही, निधी." शिक्षकांच्या खोलीत तिला उद्धट म्हणत. मराठीच्या तासाला मात्र मी तिला मुद्दाम वाचायला उठवायची. धड्यात चार माणसं असतील तर ती चार आवाजांत वाचायची. वेळ लागायचा, पण वर्ग ऐकायचा.

त्याच वर्गात उमंग होता. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुख्याध्यापक राऊत सरांचं खाकरणं, मी खडू हातात घेऊन चष्मा वर ढकलते ते, शिपायाचं घंटेकडे धावणं, सगळं तो करून दाखवायचा आणि आम्हीसुद्धा हसायचो. निधीचीही चाल करायचा. सातवीत गेल्यावर एकदा मी त्याला बाजूला घेऊन रागावले, तर तो म्हणाला, "बाई, मी सगळ्यांचीच करतो ना." खरं सांगायचं तर तेव्हा मला ते बरोबरच वाटलं.

नोव्हेंबरात परिपत्रक आलं. छळ प्रतिबंध, दिव्यांगांविषयी आदर आणि समावेशन या विषयांवर शाळेनं आठवडाभर उपक्रम घ्यायचे आणि तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत आठ मिनिटांचं नाटक सादर करायचं. राऊत सरांनी काम माझ्याकडे दिलं. मी भुईगावची, शाळेत चौथं वर्ष, नेमणूक दर जूनला पुढे चालू करावी लागणारी. असं काम अंगावर येतं आणि ते चांगलंच करावं लागतं. पण मी ते केवळ तेवढ्यासाठी केलं नाही. मला मनापासून करायचं होतं.

पहिल्या दिवशी मुलांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी ओढणीनं एक पाय बांधून मैदान ओलांडायला लावलं. मुलं पडत होती, एकमेकांना ओढत होती, हसून लोळत होती. निधी पायरीवर बसून बघत होती. मी तिला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "त्यांना पडल्यावर हसू येतं, बाई. मजा आहे त्यांची."

तिसऱ्या दिवशी शब्द. फळ्याच्या डाव्या बाजूला न वापरायचे शब्द लिहिले, लंगडा, आंधळा, मुका, मंद. उजव्या बाजूला एकच, दिव्यांग. मुलांनी पट्टीनं रेघ मारून सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मैदानावरून आवाज आला, "ए दिव्यांगा, सोपा कॅच सोडलास ना." ज्याला म्हटलं तो दोन पायांवर धडधाकट उभा होता. पूर्वी हाच पोरगा दुसऱ्या शब्दानं शिवी द्यायचा. मी त्याला नवा शब्द दिला होता, शुद्धलेखनासकट.

नाटक मी लिहिलं. तारा नावाची मुलगी, पायानं अधू. मुलं चिडवतात, ती पडते, मग सगळ्यांना चूक कळते आणि तिला खेळात घेतात. संहिता वर्गात वाचून दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर निधी माझ्याकडे आली. तिनं ती उतरवून घेऊन पाठही केली होती. रिकाम्या वर्गात तिनं मला ताराचे सगळे संवाद म्हणून दाखवले. फक्त एका ठिकाणी थांबली. "मलाही तुमच्यासारखं व्हायचंय," असं तारा रडत म्हणते, ते.

"हे मी बोलणार नाही, बाई. असं कोणी म्हणत नाही."

मी तिच्यासमोर ते वाक्य खोडलं. तारा ठरली, असं मनाशी म्हणत राऊत सरांच्या खोलीत गेले.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की वेळ आठ मिनिटं आहे, जास्त झाली तर गुण कापतात. स्टेजवर ती पडली तर जबाबदार कोण? आणि लोक म्हणतील, शाळेनं बक्षिसासाठी दिव्यांग मुलीला मांडून ठेवलं. "जरा संवेदनशीलपणे विचार करा, बाई," असं ते म्हणाले. हा शब्द मीच आठवडाभर शाळेत फिरवत होते. मी विचार केला आणि मान डोलावली. ताराचा तेजस झाला, भूमिका उमंगला मिळाली. खोडलेलं वाक्य परत आलं, कारण ते सरांना फार आवडलं होतं.

निधीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. कोण करणार म्हणून तिनं विचारलं. मी उमंगचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "त्याला येतं."

तालमीत उमंग हसवायचा. त्याच्या अंगात नक्कलच होती, पाय टाकला की बाकीची मुलं फिसकन हसायची आणि नाटक तिथंच संपायचं. सर म्हणाले, खरं वाटलं पाहिजे. मग मी जे केलं ते कोणी मला करायला सांगितलेलं नव्हतं. मी निधीला म्हटलं, तू त्याला दाखवशील का?

शाळा सुटल्यावर हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो. निधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. उमंग तिच्या मागे मागे. चौथ्या फेरीला ती थांबली.

"पाय ओढू नको. मी ओढत नाही. मी उचलते, तो उशिरा येतो."

उमंगनं तसं केलं. पुन्हा केलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं, कपाळावर घाम होता. हाताचं कसं, असं त्यानं विचारलं. तिनं आपला डावा हात त्याच्यापुढे धरला, तर त्यानं तो आधी नीट बघितला आणि मग आपला तसा वळवला. नंतर हळूच विचारलं, "दुखतं का?"

"संध्याकाळी."

मी दारात उभी राहून डोळे पुसले. इतक्या दिवसांच्या खटाटोपाचं हेच तर फळ, असं मला वाटलं. भुईगावला परत जाताना बसमध्ये मी अगदी आनंदात होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

स्पर्धा वसईत झाली. बघायला सातवीचा सगळा वर्ग नेला होता, निधीही होती. उमंगनं असं काम केलं की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. "मलाही तुमच्यासारखं व्हायचंय" या वाक्याला टाळ्या पडल्या. पहिला क्रमांक आमचा, उत्कृष्ट अभिनयही आमचाच. नाव पुकारल्यावर उमंग धावत गेला आणि दोन-दोन पायऱ्या एका उडीत चढला, तेव्हा सभागृहात एकच कल्ला झाला. मुलगा खरंच तसा असेल, असं कित्येकांना तोवर वाटत होतं. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. "अभिनयच होता म्हणायचा, बाळा. जिवात जीव आला," असं ते माईकवरून म्हणाले आणि लोक मोकळेपणानं हसले.

मग राऊत सरांनी माईक घेतला. या नाटकाची प्रेरणा आमचीच एक विद्यार्थिनी आहे, असं म्हणून त्यांनी निधीला वर बोलावलं. यातलं काही आधी ठरलेलं नव्हतं. पाच पायऱ्या, कठडा नाही. ती एकेक पायरी चढत होती आणि निवेदक सांगत होता की टाळ्या थांबू देऊ नका. लोक उठून उभे राहिले. ती वर पोहोचेपर्यंत टाळ्या वाजत होत्या. नाटकातलं एक वाक्यही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. फोटोत ती सर आणि उमंग यांच्या मधोमध उभी आहे, चषक उमंगच्या हातात आहे.

परतताना तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही जिना चढता तेव्हा कोणी टाळ्या वाजवतं?"

लोकांना तुझं कौतुक वाटलं, असं काहीतरी मी म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी फारसं बोलली नाही.

बक्षीस मिळालेलं नाटक म्हणून आम्ही ते शाळेत दोनदा केलं, एकदा स्नेहसंमेलनात आणि एकदा खास लहान वर्गांसाठी. त्यानंतर मधल्या सुट्टीत एक नवा खेळ सुरू झाला, तेजस-तेजस. एकानं तेजस व्हायचं, बाकीच्यांनी चिडवायचं, त्यानं पडायचं, मग सगळ्यांनी उचलून घ्यायचं. हळूहळू चिडवणं आणि उचलणं गळून गेलं, चाल तेवढी उरली. मुलं पाण्याच्या नळाकडे तशी जायची, ओळीत तशी उभी राहायची. चाल अगदी अचूक होती. पाय उचलून, उशिरा आणलेला. मी दोन वर्गांत जाऊन बंद करा म्हणून सांगितलं. तिसरीतली एक मुलगी मोठे डोळे करून म्हणाली, "आम्ही नाटक करतोय, बाई." निधीला कोणी काही म्हणत नव्हतं. तक्रार करावी असं त्यात कोणाला काही दिसत नव्हतं.

याच सुमारास समिती झाली. राऊत सर अध्यक्ष, मी सदस्य, पालकांचा एक प्रतिनिधी. मी बारा नियम लिहिले, ते छापून खाली फलकावर लावले. चौथा नियम असा होता, 'कारण कोणतेही असो, शारीरिक इजा करणारा विद्यार्थी दोषी धरला जाईल.' हा नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे निधीला ढकलणारं कोणीतरी होतं.

जानेवारीत, सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर निधी जिना चढत होती. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. तो खाली आणा, असं मी वर्षाच्या सुरुवातीला एकदा सुचवलं होतं, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं होतं. तिच्यामागे तिसरीची चार मुलं एकामागोमाग तीच चाल करत चढत होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, वळली आणि हातातली स्टीलची बाटली तिनं फिरवली. सर्वांत पुढे असलेल्या मुलाच्या तोंडावर बसली. तो एरॉल, आठ वर्षांचा. ओठ फाटला, एक दुधाचा दात पडला.

मी पोहोचले तेव्हा निधी जिन्यात बसली होती. आपला रुमाल तिनं एरॉलच्या तोंडावर दाबून धरला होता आणि तो तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडत होता.

ओठाला तीन टाके पडले. एरॉलच्या आईनं, एलिसानं, लेखी तक्रार दिली. त्यात तिचं काही चुकलं नाही, माझ्या मुलाचं तोंड असं सुजलं असतं तर मीही दिली असती. समितीची बैठक सरांच्या खोलीत भरली. एका बाजूला एलिसा आणि एरॉल, दुसऱ्या बाजूला श्रीपत आजोबा आणि निधी. पालकांचे प्रतिनिधी आधीच सही करून निघून गेले होते.

तू काय करत होतास, असं एलिसानंच मुलाला विचारलं. तो सुजल्या ओठांनी म्हणाला, "तेजस." तिला कळलं नाही. सरांनी समजावलं, ते आमचं पहिलं आलेलं नाटक. तेवढ्यात दार वाजलं आणि उमंग आत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"सर, ते मी शिकवलं त्यांना. ते माझ्या मागे लागायचे, परत करून दाखव म्हणायचे. आणि मला निधीनं शिकवलं होतं." एवढं बोलून तो रडायला लागला.

सरांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चूक कबूल करायला धैर्य लागतं, आपल्या उपक्रमाचं हे यश आहे, असं म्हणाले. पुढे प्रजासत्ताक दिनाला 'संवेदनशील विद्यार्थी' म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळालं. ते घेताना त्यानं मान वर केली नाही, एवढं मी पाहिलं.

बैठकीत एलिसाच्या तोवर सगळं लक्षात आलं होतं. ती एरॉलकडे बघत म्हणाली की मी तक्रार मागे घेते. पण सर म्हणाले, आता तसं करता येणार नाही, नियम आहे. त्यांनी नियमावली माझ्यापुढे सरकवली. चौथा नियम मी मोठ्यानं वाचला. आवाज माझाच होता, वाक्यही माझंच होतं.

निधीनं माफीपत्र लिहिलं. सर सांगत होते, ती लिहीत होती. मग सर अतिशय सौम्य आवाजात आजोबांना म्हणाले की हल्ली अशा मुलांसाठी खास शाळा असतात, सगळ्या सोयी असतात, तिच्यासारख्या मुलांत ती जास्त रमेल.

"तिच्यासारखी म्हंजे कशी?" श्रीपत आजोबांनी विचारलं.

सरांनी पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. आजोबा माझ्याकडे बघू लागले. "माज्या भावाला एका कानानं ऐकू येत नाय. त्याला मी वेगला शेत नाय दिला. बांधावर उभा राहून मोठ्यानं हाक मारतो." मग सरांकडे वळून म्हणाले, "बाकी कोनाला काय शिक्षा हाय का, का आमचीच एकटी?"

पंधरा दिवस शाळेत यायचं नाही आणि पालकांनी योग्य शाळेचा विचार करावा, असा ठराव झाला. सरांची सही झाली, मग माझी. पेन चालत नव्हतं, तर सरांनी आपलं दिलं.

पंधरा दिवस संपायच्या आत आजोबा येऊन दाखला घेऊन गेले. शाळा सोडण्याचं कारण, 'पालकांच्या इच्छेने'.

फेब्रुवारीत एका रविवारी मी गासला गेले. निधी ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात. तिची आजी पुतळाबाई पाणी घेऊन आली, "बसा बाई," म्हणाली आणि आत गेली. एरवी अशा घरात पाहुण्यापाशी कोणीतरी बसतं.

मी निधीला म्हटलं, मी माफी मागायला आलेय.

तिनं दातातला दोरा सोडला. "लिहून आणलीत?"

मी नाही म्हटलं. तिनं आत जाऊन वही आणि पेन आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि पुढची जुडी घेतली. मी लिहिलं, 'प्रिय निधी, तुझ्या बाबतीत शाळेत जे घडलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.' खाली सही केली. तिनं वही उचलून वाचलं.

"बाई, यात कर्ता कुठंय?"

व्याकरण तिला मीच शिकवलं होतं. मी ते पान फाडलं आणि दुसऱ्यावर लिहायला घेतलं. मी तुझी भूमिका दुसऱ्याला दिली. मी तुला तुझी चाल त्याला शिकवायला लावली. मी त्या मुलांना थांबवलं नाही. मी नियम लिहिला. मी सही केली. दीड पान झालं. तिनं ते सावकाश वाचलं आणि आजोबांच्या हातात दिलं.

आजोबांनी चष्मा लावून वाचलं. मग म्हणाले, "कल्पेश शिक्षनाच्या हापिसात अर्ज देनार हाय. तिचा बाप. ह्यो कागद जोडला तर चालेल का, बाई?"

मला जून दिसला. नेमणुकीचं पत्र, सरांची खोली, दुसऱ्या शाळेत विचारतील तो पहिला प्रश्न. फार वेळ गेला नसेल, एखाद्या जुडीला दोरा गुंडाळायला लागतो तेवढाच. निधी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं आजोबांच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि भिंतीला धरून उठून आत गेली.

"चालेल," मी म्हटलं. "जोडा."

"ऱ्हाऊ द्या," आजोबा म्हणाले. "पोरीनं नेला आत."

अर्ज त्या कागदाशिवाय गेला. दाखला पालकांनी स्वेच्छेनं नेला असल्यानं शाळेचा दोष दिसत नाही, असं उत्तर आलं. निधी आता मनवेलपाड्याला आत्याकडे, कृष्णाबाईकडे, राहून तिथल्या शाळेत जाते. तिथं ती कोणाशी बोलत नाही, वाचायलाही उठत नाही, असं तिची आजी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली.

जूनमध्ये माझी नेमणूक पुढे चालू झाली. कागद अजून निधीपाशीच असणार. तिनं तो कुठेतरी द्यावा, कोणीतरी मला बोलावून ही सही तुमचीच का म्हणून विचारावं, असं मला कधी कधी फार वाटतं. मग वाटतं, तेसुद्धा तिनंच करायचं का?